एलिनॉर ऑफ कॅस्टील: इंग्लंडच्या या राणीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ही नक्की कुठली एलिनॉर? ॲक्विटेनवाली का?

नाही, आणि हा गोंधळ जवळजवळ सगळ्यांचाच होतो कारण शंभर-सव्वाशे वर्षांत इंग्लंडला तीन एलिनॉर राण्या झाल्या. पहिली एलिनॉर ऑफ ॲक्विटेन, दुसऱ्या हेन्रीची बायको, ती 1204 ला वारली. दुसरी एलिनॉर ऑफ प्रोव्हान्स, तिसऱ्या हेन्रीची बायको, म्हणजे आपल्या एलिनॉरची सासू. आणि तिसरी ही, एलिनॉर ऑफ कॅस्टील, पहिल्या एडवर्डची बायको, जन्म 1241 चा, मृत्यू 28 नोव्हेंबर 1290. गंमत म्हणजे ॲक्विटेनवाल्या एलिनॉरचा एडवर्ड पणतू लागतो आणि आपली एलिनॉर खापरपणती, कारण ॲक्विटेनवालीची एक मुलगी कॅस्टीलच्या राजाला दिली होती. म्हणजे नवराबायको लांबचे नातेवाईकच.

ती स्वतः राज्य चालवणारी राणी नव्हती, राजाची बायको म्हणून राणी. पण म्हणून ती नुसती बाजूला बसून होती असं समजू नका, पुढे वाचा.

ती स्पेनची मग इंग्लंडला कशी आली?

जमिनीच्या भांडणातून. तेव्हा स्पेन नावाचा एक देश नव्हता, कॅस्टील हे तिथलं मोठं राज्य. तिचे वडील फर्डिनांड तिसरा, ज्यांनी मुसलमान राजांकडून कॉर्दोबा आणि सेव्हिल जिंकली, आणि आई झान ही उत्तर फ्रान्समधल्या पाँतिएची काउंटेस. वडील 1252 ला गेले आणि गादीवर तिचा सावत्र भाऊ अल्फान्सो दहावा आला, ज्याला 'शहाणा' म्हणतात. ह्या अल्फान्सोने गॅस्कनीवर हक्क सांगितला. गॅस्कनी म्हणजे फ्रान्सच्या नैऋत्येला इंग्लंडच्या राजाच्या ताब्यात असलेला मुलूख, बोर्दोची वाईन येते तो भाग. तिसऱ्या हेन्रीला लढाई परवडणारी नव्हती मग सोयरीक ठरली, अल्फान्सोने आपला हक्क एडवर्डच्या नावे सोडला आणि बहीण दिली.

लग्न झालं 1 नोव्हेंबर 1254 ला, बुर्गोसजवळच्या लास उएल्गास मठात. नवरा 15 वर्षांचा, नवरी तेराच्या आसपास. त्याच वेळी अल्फान्सोने एडवर्डला नाइटही केलं, म्हणजे सरदार योद्ध्याचा मान दिला. पुढच्या वर्षी ती नवऱ्याच्या आधी इंग्लंडला पोचली, तर सासऱ्याने तिच्या वेस्टमिन्स्टरच्या खोल्या स्पॅनिश पद्धतीने सजवून ठेवल्या होत्या, भिंतींवर पडदे आणि जमिनीवर गालिचे. लंडनच्या लोकांना जमिनीवर गालिचा अंथरायची ही कल्पना फारच उधळपट्टीची वाटली, नावं ठेवली गेली. परक्या देशात नवी आलेली तेरा-चौदा वर्षांची पोर आणि पहिल्या दिवसापासून लोकांची कुजबुज, मला हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं.

सिव्हिल वॉरच्या वेळी ती कुठे होती?

विंडसरच्या किल्ल्यात. 1264 ला सरदारांनी सायमन द माँटफर्टच्या पुढारीपणाखाली बंड केलं, 14 मे ला लुईसच्या लढाईत राजा हरला, एडवर्ड ओलीस म्हणून कैदेत गेला. जिंकलेल्या पक्षाने एलिनॉरला विंडसर सोडायला लावलं. म्हणजे नवरा कैदेत, सासरा नावापुरता राजा, सासू समुद्रापलीकडे सैन्य जमवतेय आणि ही विशीच्या आतबाहेरची एकटी. पुढच्या वर्षी एडवर्ड निसटला आणि 4 ऑगस्ट 1265 ला ईव्हशॅमला माँटफर्ट मारला गेला. मला वाटतं पुढे जमिनी आणि पैशाच्या बाबतीत ती जी इतकी घट्ट झाली त्याचं मूळ इथे असावं, पण हे माझं मत, पुरावा म्हणून घेऊ नका.

नवऱ्याच्या जखमेतलं विष तिने तोंडाने ओढून काढलं हे खरंय का?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर: बहुतेक नाही.

झालं काय ते सांगते. 1270 ला एडवर्ड क्रुसेडला, म्हणजे ख्रिश्चनांच्या धर्मयुद्धाला, निघाला आणि ही बरोबर गेली, मुलं घरी ठेवून. ट्युनिसला पोचेपर्यंत फ्रान्सचा नववा लुई तिथेच आजाराने मेलेला, मग हिवाळा सिसिलीत काढला आणि मे 1271 मध्ये ॲकरला उतरले, म्हणजे आजच्या इस्राएलच्या किनाऱ्यावर. तिथे 1272 च्या वसंतात तिला मुलगी झाली, तिला जोन ऑफ ॲकरच म्हणतात. आणि जूनमध्ये एका मारेकऱ्याने एडवर्डवर खंजिराने हल्ला केला, एडवर्डने त्याला तिथल्या तिथे मारलं पण दंडाला जखम झाली आणि ती चिघळली, विषारी खंजीर होता असं सगळे म्हणायला लागले.

जुन्या इंग्लिश बखरीत जे आहे ते असं की सर्जनने सडलेलं मांस कापून काढायचं ठरवलं आणि त्याआधी रडत असलेल्या एलिनॉरला खोलीबाहेर नेलं. बस. विष ओढण्याची गोष्ट नंतर आली आणि पुढच्या शतकांत चित्रांमधून इतकी पसरली की तेवढीच लक्षात राहिली. खरी हकिगत मला जास्त जवळची वाटते, बाळंत होऊन थोडेच महिने झालेली बाई, परका देश, नवरा मरतोय की जगतोय माहीत नाही आणि आत काय चाललंय ते बघायलाही देत नाहीयेत.

ह्याच ॲकरमध्ये तिने एडवर्डसाठी एक पुस्तक करून घेतलं. व्हेजिशियस नावाच्या रोमन लेखकाचा युद्धशास्त्रावरचा लॅटिन ग्रंथ, त्याचं फ्रेंच भाषांतर. विषाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि ही नाही.

तिला मुलं किती झाली?

निदान 14, काही जण 16 सांगतात. त्यातली बरीच लहानपणीच गेली. तिच्या मृत्यूच्या वेळी सहाच जिवंत होती: एलिनॉर, जोन, मार्गारेट, मेरी (जिला नन केलं), एलिझाबेथ आणि सगळ्यात धाकटा एडवर्ड, जो पुढे दुसरा एडवर्ड झाला.

आई म्हणून ती थंड होती असं पुष्कळदा लिहितात, कारण 1274 ला तिचा सहा वर्षांचा हेन्री गिल्फर्डला शेवटचा आजारी होता तेव्हा आईवडील लंडनहून त्याला भेटायला गेल्याची नोंद नाही, आजी जवळ होती. नोंद नाही म्हणजे भेटलेच नाहीत असं होत नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे तेव्हा राजाची मुलं दाया आणि आजीकडेच वाढायची, राजाराणी सतत फिरतीवर. ॲल्फान्सो नावाचा मुलगा, मामाच्या नावाचा, दहा वर्षांचा होऊन 1284 च्या ऑगस्टमध्ये गेला. त्याचं हृदय जपून ठेवलेलं होतं आणि तिने स्वतःचं हृदय त्याच्या शेजारी पुरायला सांगितलं होतं, लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स मठात. तसंच केलं गेलं. थंड आई असं करत नाही.

धाकट्या एडवर्डला जन्मतःच प्रिन्स ऑफ वेल्स केलं ती गोष्ट?

दंतकथा. मुलगा 25 एप्रिल 1284 ला कॅर्नार्वनला झाला हे खरं, किल्ल्याचं बांधकाम चालू असताना. पण वेल्सच्या लोकांना 'इंग्लिशचा एक शब्द न बोलणारा राजपुत्र देतो' म्हणून बाळ दाखवलं ही गोष्ट खूप नंतरची. तो प्रिन्स झाला 1301 ला. आणि बाळ जन्मलं तेव्हा थोरला ॲल्फान्सो जिवंत होता, म्हणजे हे बाळ वारससुद्धा नव्हतं.

लोकांना ती आवडायची का?

नाही. आणि इथे जरा जास्त लिहिणार आहे कारण तिच्याबद्दलचं बहुतेक लिखाण हा भाग पटकन उरकतं.

सासू जिवंत होती, ती 1291 पर्यंत जगली, आणि राणीसाठी ठेवलेल्या जमिनी तिच्याकडेच होत्या. मग नव्या राणीचा खर्च कुठून? एडवर्डने आणि तिने मिळून ठरवलं की तिने स्वतःची इस्टेट उभी करायची. ती तिने इतकी नेटाने उभी केली की मृत्यूच्या वेळी तिला ह्या जमिनींचं वर्षाचं उत्पन्न 2,500 पौंडांच्या वर होतं. एक पौंड म्हणजे 240 पेनी आणि मजुराला दिवसाला एक-दोन पेनी मिळायच्या, म्हणजे अंदाज करा. केंटमधला तो तळ्यातला सुंदर लीड्स कासल तिने 1278 ला घेतला, तो ह्यातलाच.

पण जमिनी मिळायच्या कशा? तर सरदार आणि नाइट मंडळी ज्यू सावकारांकडून जमीन तारण ठेवून कर्ज घ्यायची. राजा ह्या ज्यूंवर इतका भरमसाठ कर लावायचा की त्यांना तो रोख देता यायचा नाही, मग त्या बदल्यात कर्जाचे कागद राजाकडे जायचे आणि राजा ते राणीला द्यायचा. आता कर्जदाराची गाठ सावकाराशी नाही तर राणीच्या कारभाऱ्यांशी, आणि कर्ज फिटत नसेल तर जमीन राणीची. कायद्याने सगळं बरोबर. पण पिढ्यानपिढ्यांची मॅनर, म्हणजे जहागिरीची जमीन, हातची गेलेल्या माणसाला कायदा सांगून काय उपयोग? लोकांनी त्यावर गाणं केलं होतं की राजाला हवं आमचं सोनं आणि राणीला हव्यात आमच्या मॅनर.

कँटरबरीचे आर्चबिशप जॉन पेकम ह्यांनी तर पत्रं लिहून खडसावलं. 1283 ला तिलाच लिहिलं कुळांचे हाल थांबव म्हणून, आणि 1286 ला तिच्या एका अधिकाऱ्याला लिहिलं की राज्यभर बोभाटा झालाय, राणी ज्यूंच्या व्याजातून आलेल्या जमिनी गिळतेय, हे पाप आहे.

ह्यात सगळ्यात जास्त भरडले गेले ते ज्यू. 1275 ला व्याजावर बंदी, 1278-79 ला नाण्यांच्या कडा कातरून चांदी काढल्याच्या आरोपावरून शेकडो लोक तुरुंगात आणि कित्येकांना फाशी, आणि 18 जुलै 1290 ला एडवर्डने सगळ्या ज्यूंना इंग्लंडबाहेर काढायचा हुकूम काढला. हा हुकूम राणीने काढला नव्हता, पण त्या पद्धतीतून तिने वर्षानुवर्षं फायदा घेतला आणि हे तिच्या प्रेमाच्या गोष्टी सांगताना विसरायचं नाही असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट तिच्या बाजूने. मरताना तिने नवऱ्याला सांगितलं की माझ्या कारभाऱ्यांनी कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर ते परत करा, आणि 1291 ला एडवर्डने खरंच चौकशी बसवली, गावोगावी लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या. त्या तक्रारींचे कागद राहिले म्हणूनच आपल्याला हे इतकं माहितीय.

रोजच्या आयुष्यात ती कशी होती, काही कळतं का?

शेवटच्या वर्षाच्या खर्चाच्या वह्या शिल्लक आहेत आणि इतिहासात असं काही सापडलं की मला फार आनंद होतो. ती पुस्तकवेडी होती. तिच्या पदरी स्वतःचे लेखनिक आणि चित्रं काढणारा माणूस होता, ती जाईल तिथे ते बरोबर, तिच्यासाठी हस्तलिखितं तयार करायचे. त्या काळी उत्तर युरोपात दुसऱ्या कुठल्या राजघराण्याकडे असं असल्याचं माहीत नाही. भाऊ अल्फान्सोच्या दरबारात विद्वानांची भाषांतरं चालायची, ते तिने बघितलेलं. बुद्धिबळ खेळायची. शिकारी कुत्री पाळायची. डॉमिनिकन साधूंना सढळ हाताने मदत.

आणि बाग. किंग्ज लँगलीच्या बागेसाठी तिने ॲरागॉनहून माळी आणवले होते. वेल्समध्ये लढाई चालू, रुडलनचा किल्ला अर्धा बांधलेला, आणि तिथे राणीसाठी हिरवळ लावलेली, छोटं मासळीचं तळं केलेलं आणि भोवती बसायला जागा.

माझी सगळ्यात आवडती नोंद म्हणजे पोर्ट्समथला एक स्पॅनिश जहाज लागलं तेव्हाची खरेदी. अंजीर, मनुका, खजूर, 230 डाळिंबं, 15 मोठी लिंबं आणि 7 संत्री. सात! तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेली ती, माहेर सोडून पस्तीस वर्षं झालेली, आणि माहेरचं जहाज आलंय कळल्यावर काय मागवलं तर डाळिंबं. हे मला कुठल्याही बखरीपेक्षा जास्त सांगतं.

ती इंग्लिश बोलायची का?

इंग्लंडच्या दरबाराची भाषा तेव्हा फ्रेंच होती आणि तिची आई उत्तर फ्रान्सची, त्यामुळे रोजच्या कारभारात इंग्लिशवाचून तिचं अडलं नसणार. तसंही 1279 ला आई वारल्यावर ती स्वतः पाँतिएची काउंटेस झाली, म्हणजे फ्रान्समध्येही तिचा मुलूख होता.

एडवर्डचं तिच्यावर एवढं प्रेम होतं हे खरं की नंतर रंगवलेलं?

खरं. ह्यात मी अजिबात मागेपुढे बघणार नाही. हा एडवर्ड वेल्स आणि स्कॉटलंडच्या लोकांसाठी कर्दनकाळ होता, पण बायकोला तो छत्तीस वर्षांत फारच थोडा काळ सोडून राहिला, क्रुसेडला बरोबर, गॅस्कनीला बरोबर, वेल्सच्या मोहिमेतही बरोबर, आणि तो तिच्याशी प्रामाणिक राहिला असंच इतिहासकार मानतात, मध्ययुगातल्या राजाबद्दल हे किती जणांबद्दल म्हणता येईल?

त्यांच्यात ईस्टरची एक प्रथा होती. ईस्टर संडेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राणीच्या सख्या राजाला बिछान्यात पकडून ठेवायच्या आणि राजा दंड भरून सुटका करून घ्यायचा, मग राणीकडे जायचा, कारण त्याआधी उपासाचे चाळीस दिवस नवराबायकोने लांब राहायचं असायचं. 1291 च्या ईस्टरला राणी नव्हती. त्याने त्या बायकांना तो दंड तरीही दिला, हिशेबात नोंद आहे.

त्याच वर्षाच्या जानेवारीत त्याने फ्रान्समधल्या क्लुनीच्या मठाधिपतीला तिच्यासाठी प्रार्थना करा म्हणून पत्र लिहिलं, त्यात म्हटलंय की जिवंतपणी जिच्यावर जीव होता तिच्यावर मेल्यावरही प्रेम थांबवता येत नाही. दुसरं लग्न केलं पण नऊ वर्षांनी, 1299 ला, फ्रान्सच्या मार्गारेटशी.

ती कशाने आणि कुठे गेली?

1287 ला गॅस्कनीत असताना तिला ताप लागला, मलेरिया असावा असं मानतात, आणि त्यानंतर तब्येत सुधारलीच नाही. 1290 च्या शरदात राजाने पार्लमेंट शेरवुडच्या जंगलातल्या क्लिपस्टनला भरवलं, तिला लांबचा प्रवास झेपत नव्हता. मग लिंकनच्या दिशेने हळूहळू निघाले, पण हार्बी नावाच्या खेड्यातच थांबावं लागलं आणि तिथे एका नाइटच्या घरी 28 नोव्हेंबरला संध्याकाळी ती गेली. 49 वर्षांची. राजा जवळ होता.

मग तेव्हाच्या रीतीप्रमाणे देह तीन ठिकाणी: आतडी वगैरे लिंकन कॅथीड्रलमध्ये, हृदय ब्लॅकफ्रायर्सला, आणि बाकी शरीर वेस्टमिन्स्टर ॲबीत, 17 डिसेंबरला.

एलिनॉर क्रॉस म्हणजे काय, किती उरलेत?

लिंकनहून लंडनला येताना रात्री जिथे जिथे पार्थिव ठेवलं तिथे तिथे एडवर्डने दगडी स्मारक बांधलं, 1291 ते 1295 च्या सुमारास. एकूण बारा: लिंकन, ग्रँथम, स्टॅमफर्ड, गेडिंग्टन, हार्डिंगस्टन, स्टोनी स्ट्रॅटफर्ड, वोबर्न, डन्स्टेबल, सेंट ऑल्बन्स, वॉल्थम, चीपसाइड आणि चेरिंग. फ्रान्सच्या नवव्या लुईची अंत्ययात्रा जिथे थांबली तिथे अशी स्मारकं होती, कल्पना तिथून आली असं म्हणतात. प्रत्येकावर राणीचे पुतळे आणि खाली ढाली: इंग्लंडचे सिंह, कॅस्टीलचे किल्ले, लिऑनचा सिंह, पाँतिएचे पट्टे.

उरलेत फक्त तीन, गेडिंग्टन, हार्डिंगस्टन आणि वॉल्थम. चीपसाइडचा 1643 ला आणि चेरिंगचा 1647 ला राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटवाल्यांनी पाडला, त्यांना असले क्रॉस म्हणजे मूर्तिपूजा वाटायची. हार्डिंगस्टनच्या क्रॉसवर दगडात कोरलेली उघडी पुस्तकं आहेत. पुस्तकवेड्या बाईच्या स्मारकावर पुस्तकं, कारागिराला सांगणारा जो कोण होता तो तिला ओळखत असणार.

चेरिंग हे नाव 'शेर रेन' म्हणजे 'लाडकी राणी' वरून आलं ना?

नाही. ऐकायला गोड आहे पण त्या जागेचं नाव एलिनॉरच्या आधीपासून होतं, जुन्या इंग्लिशमध्ये वळण ह्या अर्थाचा शब्द आहे, थेम्स तिथे वळते. तसंच लंडनचं 'एलिफंट अँड कासल' हे 'इन्फांता दे कास्तीया' म्हणजे 'कॅस्टीलची राजकन्या' वरून आलं असंही सांगतात, त्यालाही आधार नाही.

लंडनला गेलो तर काय काय बघता येईल?

लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कितीतरी जण रोज चेरिंग क्रॉस स्टेशनवरून जातात आणि समोरचा उंच दगडी क्रॉस तोच समजतात. तो 1865 चा आहे, जुन्याची आठवण म्हणून हॉटेलसमोर बांधलेला. मूळचा होता तिथे आता पहिल्या चार्ल्सचा घोड्यावरचा पुतळा आहे, ट्रॅफल्गर स्क्वेअरच्या दक्षिणेला, आणि लंडनपासूनची अंतरं आजही तिथूनच मोजतात. खाली ट्यूबमध्ये नॉर्दर्न लाइनच्या प्लॅटफॉर्मवर भिंतभर काळीपांढरी चित्रं आहेत, डेव्हिड जेंटलमन ह्यांची, त्यात हा क्रॉस बांधणारे गवंडी, दगड फोडणारे, ओझी वाहणारे सगळे दिसतात. एखादी ट्रेन सोडून द्या पण ती नीट बघा.

वेस्टमिन्स्टर ॲबीत तिची समाधी आहे, वर विल्यम टोरेलने 1291 ला घडवलेला तिचा सोन्याचा मुलामा दिलेला ब्राँझचा पुतळा, केस मोकळे, डोक्याखालच्या उशांवर किल्ले आणि सिंह. चेहरा तिचाच असेल असं मात्र समजू नका, तेव्हा राणीचा चेहरा आदर्श म्हणून घडवत. वॉल्थमच्या क्रॉसवरचे मूळ पुतळे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे गेले, क्रॉसवर आता नकला आहेत.

आणि एक दिवस मोकळा असेल तर गेडिंग्टनला जा, केटरिंगपर्यंत ट्रेन आणि पुढे थोडंसंच. लहान गाव आहे, भर चौकात तो तीन बाजूंचा उंच क्रॉस उभा आहे, तिन्ही उरलेल्यांत सर्वात चांगल्या अवस्थेतला, आजूबाजूला घरं आणि चर्च. सकाळी लवकर गेलात तर पायरीवर निवांत बसता येईल.